सगळ्यात खालची फरशी

माझं माहेर आडाच्या चौकात, असं सांगितलं की सांगलीतले लोक विचारतात, आड कुठं आहे? आड दिसत नाही. चौक त्याच्या डोक्यावर आहे. विट्याहून औंधकडे जाताना लागणारं आमचं गाव, दुष्काळी पट्ट्यातलं. गावाच्या मधोमध काळ्या दगडात बांधलेला हा जुना आड. नावाला आड, पण तोंड चांगल्या विहिरीएवढं रुंद, आणि रस्ते त्याला वळसा घालून जायचे. घरोघरी नळ आले तसं आडावरचं पाणी भरणं कमी झालं. मग त्यात कुणाचं तरी वासरू पडलं, पुढच्या वर्षी एक म्हातारा पडला, आणि आडाचं तोंड झाकायचं ठरलं. झाकलंच तर वर चांगला चौथरा होईल, सभेला आणि बाजाराला जागा होईल, असाही हिशेब होता. तो स्लॅब माझ्या वडिलांनी टाकला. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, गाव मिस्त्री म्हणायचं.

स्लॅब टाकला तेव्हा मी पाळण्यात होते, त्यामुळे त्याचं कौतुक मी फक्त ऐकलं आहे. आई सांगायची, घमेली हातोहात द्यायला निम्मं गाव रांगेत उभं होतं, आणि पुढं कितीतरी दिवस स्लॅबला पाणी मारायचं म्हणून आप्पा जेवणाचं ताटही तिथंच मागवायचे. काम झालं तेव्हा ते भर चौकात म्हणाले होते, "हत्ती नाचला तरी हलायचा न्हाई." हे वाक्य गावानं लक्षात ठेवलं. वाक्यं लक्षात ठेवायची गावाला सवयच असते. स्लॅबवर शहाबादी फरशा बसवताना आप्पांनी मधोमध एक फरशी आपल्या वडिलांच्या नावाची बसवली. अक्षरं त्यांनी स्वतः छिन्नीनं कोरली होती: कै. बाळू रामा गवंडी यांचे स्मरणार्थ. 'स्मरणार्थ'पाशी जागा संपली, म्हणून शेवटची अक्षरं कडेला दाटीवाटीनं बसली होती. तेवढी एक हौस सोडली तर आप्पा हौशी माणूस नव्हते.

चौकाच्या दक्षिण बाजूला आमचं घर. पुढच्या खोलीत पिठाची गिरणी, मागं स्वयंपाकघर आणि एक झोपायची खोली. गिरणी आई चालवायची. ती कुंडलची, बागायती गावची, त्यामुळे आमच्या गावच्या कोरडेपणाचा तिला कायम राग होता, आणि तो राग ती गिरणीच्या पट्ट्यावर काढायची. घरात सगळ्याला पीठ लागलेलं असायचं. दप्तराला, देवांना, चहाच्या कपाच्या दांडीला. सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी बाजरीची भाकरी, खरडा आणि कांदा, रात्री भाकरीच. गिरणी चालू असली की आम्ही ओरडून बोलायचो, आणि बंद झाली की ओरडतच राहायचो. म्हणून आमचं कुटुंब भांडखोर आहे असा शेजारच्यांचा समज होता. पण गिरणी बंद असली की घरात एक वेगळा आवाज यायचा. चौथऱ्यावरून कुणी जड पावलानं गेलं, कुणी पोतं टाकलं, की खालून घुमायचं. रिकाम्या रांजणात हाक मारल्यासारखं. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. आमच्या लेखी जमीन अशीच वाजते.

त्या चौथऱ्यावर गाव काय काय करायचं ते सगळं सांगत बसले तर हे प्रकरण संपायचं नाही. सोमवारी बाजार. एरवी रोज सखूमावशीची भाजीची पाटी, कडेच्या लिंबाच्या सावलीत. निवडणुकीत सभा, बेंदराला बैल, लग्नात वरातीचा बँड. आणि प्रेतयात्रा. आमच्याकडं तिरडी वाटेत एकदा खाली टेकवतात, त्याला विसावा म्हणतात. आमच्या गावचा विसावा म्हणजे हाच चौथरा. चौघांनी तिरडी टेकवली की खालून तो घुमारा यायचा, आणि म्हातारी माणसं म्हणायची, "आडानं हुंकार दिला." म्हणजे गावानं माणसाला निरोप दिला, असं काहीसं. मी लहान असताना दारात उभी राहून त्या हुंकाराची वाट बघायचे. घाबरायचे, पण वाट बघायचे.

आता फरशांचं सांगायला हवं. आमच्या भागातले कितीतरी पुरुष गलाईच्या धंद्यात. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. देशातल्या कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफ पेठेत जा, मागच्या गल्लीत भट्टीपाशी आमच्याकडचा माणूस सापडेल. ही माणसं दिवाळीला आणि यात्रेला गावी येतात, आणि चार पैसे झाले की आपल्या बापाचं नाव गावात कुठंतरी राहावं असं त्यांना वाटतं. आप्पांच्या त्या एका फरशीवरून ती कल्पना निघाली. पहिल्या गलाईवाल्यानं सगळ्या चौथऱ्यावर काळा कडप्पा बसवून दिला, मधोमध बापाचं नाव. दोन-तीन यात्रा गेल्या आणि दुसऱ्यानं त्यावर कोटा बसवला. मग कुणी मोझॅक, मग आणखी एक थर. खालचं काढून वरचं बसवावं असं कुणाच्याच मनात आलं नाही. नाव असलेली फरशी उपटायची म्हणजे त्या माणसालाच उपटल्यासारखं. ज्याचं नाव त्यानंच हात लावायचा, दुसऱ्यानं नाही, हा आमच्याकडचा न लिहिलेला नियम. देवळातही तसंच. तेव्हा प्रत्येक जण आधीच्याच्या डोक्यावर सिमेंट-वाळूचा गिलावा पसरून आपली फरशी बसवत गेला. माझ्या लहानपणी चौथऱ्याला एक पायरी होती. मी नववीत गेले तेव्हा तीन झाल्या होत्या.

आणि आवाज गेला. एका दिवसात नाही गेला. आधी तो बारीक झाला, मग फक्त जड पोत्याला यायचा, मग तोही बंद झाला. लोकांना आनंद झाला. "आता कसा दगडागत झालाय," असं म्हणत टाच आपटून दाखवायचे. आई एकटीच एकदा गिरणीचं जातं टाकवताना, म्हणजे दगडाला टाकीनं नव्या खाचा पाडताना, म्हणाली, "आवं, आड मुका झाला." आप्पांनी मान वर केली नाही. त्याच हिवाळ्यात धनगरांची मेंढरं गावातून जाताना चौथऱ्यावर न चढता दोन्ही बाजूंनी फाकून गेली. पुढं जे झालं त्यानंतर लोक मेंढरांची ही गोष्ट फार रंगवून सांगायला लागले. मी सांगत नाही. गुळगुळीत फरशीवर खूर घसरतो, एवढंच त्यात आहे.

त्या वर्षी भगवानशेठनं ग्रॅनाइट बसवायचं काढलं. भगवानशेठ आप्पांच्या वर्गातला, चौथीनंतर शाळा सोडून दक्षिणेत गेलेला, आणि आता स्वतःच्या दुकानाचा मालक. पांढरा सदरा, गळ्यात साखळी, बोलायला मोकळा. माझा थोरला भाऊ, दादा, दहावी होऊन घरी बसला होता, आणि यात्रेनंतर त्याला दुकानावर न्यायचं शेठनं कबूल केलं होतं. आमच्या घराला त्याचा केवढा आधार वाटत होता हे सांगून कळणार नाही. दादासाठी पत्र्याची ट्रंक आणून ठेवली होती, आणि आई येताजाता तिच्यावरचं पीठ पुसायची. ग्रॅनाइटचं काम मात्र शेठनं आप्पांना दिलं नाही. त्यासाठी बाहेरून पॉलिशवाले कारागीर आणले. यात्रेच्या आदल्या आठवड्यात फरशी बसून झाली. आरशासारखी काळी, मधोमध शेठच्या वडिलांचं नाव सोनेरी रंगात. यात्रेच्या दिवशी उद्घाटन, आणि उद्घाटनाला गावातल्या दोन्ही शाळांच्या मुलींचं लेझीम, त्याच चौथऱ्यावर. मी पुढच्या रांगेत होते. उंच होते म्हणून, नाच चांगला होता म्हणून नव्हे.

आडाचं पाणी तोपर्यंत अगदीच वाया गेलेलं नव्हतं. उन्हाळ्यात नळ कोरडे पडले की टँकर यायचा, आणि तो चौथऱ्याच्या कोपऱ्यातल्या लोखंडी झाकणातून आडात रिकामा करायचे. मग मोटारीनं पाणी उपसायचं. दर थर चढला की ते झाकणही तेवढं वर उचललं जायचं. टँकर सुरू व्हायच्या आधी आप्पा दरवर्षी दोर बांधून आत उतरायचे आणि गाळ काढायचे. त्या वर्षीही उतरले. भर दुपार होती. वर दोराला दादा आणि आणखी दोघं. एरवी आप्पा आत गेले की वरच्यांना शिव्या देत राहायचे, दोर सैल सोडा, घमेलं ओढा. त्या दिवशी आतून काहीच आवाज येईना. दादानं दोनदा हाक मारली. मग दोर हलला. वर आले ते गाळ न काढताच. हातात काँक्रीटचा एक पोपडा होता, भाकरीएवढा, आणि त्याच्या एका अंगाला सळीचा लालभडक वण. ते घरात आले, तो पोपडा चुलीजवळच्या फळीवर माझ्या आजोबांच्या फोटोखाली ठेवला, आणि हात न धुता बसून राहिले.

"सळ्या फुगल्यात," ते आईला म्हणाले. "गंजून फुगल्या की काँक्रीट सोडत्यात. खालनं सगळं सुटलंय. वर केवढं वजन चढवलंय, आन् खालनं मोकळं."

आई म्हणाली, "मंग सांगा की जाऊन."

त्यांनी सांगितलं. मी त्या वेळी शेठच्या घरी आईनं दिलेलं पीठ पोचवायला गेले होते, त्यामुळे ते बोलणं माझ्या कानावर पडलं. शेठ झोपाळ्यावर बसला होता. आप्पांनी पोपडा पुढं केला. शेठनं तो हातात घेतला नाही.

"मिस्त्री, स्लॅब कुणी टाकला?"

"मीच."

"हत्तीचं काय म्हणाला हुतास गड्या?"

"तवा एक थर हुता, शेठ. आता..."

"सगळ्यांच्या फरश्या बसल्या तवा हलला न्हाई. माझ्या टायमाला बरा हलाय लागला?" शेठ हसला. चिडून नव्हे, समजूत काढल्यासारखा. "काम तुला दिलं न्हाई म्हणून वाईट वाटलं आसंल. बरोबर हाय. आरं, पण त्ये ग्रॅनाइटचं काम येगळं असतं. पोराचं बघतोय न्हवं मी? मंग."

आप्पा पोपडा घेऊन वळले. येताना वाटेत मी त्यांच्या मागून चालत होते. त्यांची पाठ बघून मला पहिल्यांदा कळलं की मोठ्या माणसांचंही कुणी ऐकत नाही. पंचायतीत गेले, तिथंही तेच. यात्रा तोंडावर, आता कसली तपासणी, यात्रा होऊ दे. शाळेत गेले, तर पी.टी.चे सर म्हणाले, मुली म्हणजे काय हत्ती आहेत का?

आमचा सराव तोवर चौथऱ्यावरच सुरू झाला होता. हलगी वाजायची, शिट्टीवर सगळ्या एकदम उडी मारून पाय आपटायचो. एवढ्या मुलींचे पाय एकदम पडायचे आणि खालून काहीही वाजायचं नाही. फक्त लेझमांची खणखण. तिसऱ्या की चौथ्या शिट्टीला मी बघितलं, कोपऱ्यात आप्पा पालथे पडलेत. झाकण बाजूला सारलेलं, आणि कान भोकाला. सगळं गाव बघत होतं. पानपट्टीवरून कुणीतरी ओरडलं, "मिस्त्री, आड काय म्हणतोय? जेवला का इचारा!" हशा पिकला. सखूमावशी पाटीमागून म्हणाली, "आरं, बायकू बोलत नसंल घरात, म्हणून आडाशी बोलतोय त्यो." पुन्हा हशा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिट्टी वाजली, मी उडी मारली, आणि उतरताना आप्पांच्या तोंडाकडं बघितलं. आमचे पाय पडले तसे त्यांचे डोळे मिटले. पुन्हा शिट्टी, पुन्हा पाय, पुन्हा मिटले. सराव संपल्यावर त्यांनी मला खूण करून बोलावलं आणि माझं डोकं त्या भोकापाशी नेलं. आत अंधार आणि गार वास. ओळखीच्या पाण्याचा वास. आणि आवाज, कुणीतरी अंधारात बसून सावकाश खडे टाकत असल्यासारखा. टुबुक. जरा थांबून, टुबुक. वर आता कुणीच नाचत नव्हतं, तरी.

"तू त्या दिवशी आजारी पड," आप्पा म्हणाले.

"आन् बाकीच्या?" मी विचारलं. हे काही माझं मोठेपण नव्हतं. माझी मैत्रीण माझ्याच शेजारी नाचत होती, एवढंच मला त्या क्षणी सुचलं.

संध्याकाळी गिरणी बंद होती. आई दुसऱ्याच्या बाजरीचे खडे निवडत बसली होती. आप्पा भिंतीला टेकून. दादा ट्रंकेवर बसला होता, उतर म्हटलं तरी उतरत नव्हता. तो सारखं एकच म्हणत होता, "शेठला दुखवू नका आप्पा. यात्रा झाल्यावर बघू." आणि आप्पा त्याच्याकडं बघत नव्हते. मग आई सूप न थांबवता म्हणाली, "मामंजींची फरशी कुटं हाय?"

"कुटं म्हंजी? खाली. सगळ्यात खाली."

"आपली हाय न्हवं ती?"

"आपलीच की."

"मंग परत मागा."

आप्पा भिंतीपासून सरळ झाले. आई म्हणाली, "आपलं नाव आपुन उचलायचं. त्याला कुणाची परवानगी लागत न्हाई. शेठला बी न्हाई म्हणता यायचं न्हाई, त्याच्या बाचं नाव सगळ्यात वर हाय." मग तिनं दादाकडं बघितलं. तिला सगळं कळत होतं. ती म्हणाली, "उठ त्या ट्रंकेवरनं, पत्रा दबंल," आणि सूप जोरात पाखडायला लागली. त्या बाजरीत खडा राहिला असणार. तेवढ्या एकाच वेळी तिचं निवडण्याकडं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाजार भरात असताना, आप्पा पहार घेऊन चौथऱ्यावर गेले. धुतलेला सदरा घातला होता. ओरडले नाहीत. मधोमध उभे राहून म्हणाले, "माझ्या बाची फरशी मला परत पायजे."

बाजार थांबला असं मी म्हणणार नाही, बाजार थांबत नसतो. पण तराजू हातात धरूनच लोक बघायला लागले. शेठला निरोप गेला, तो आला. आधी त्याला काही समजेना. मग समजलं तसा तो लाल झाला.

"आशी कोण फरशी मागतं व्हय?"

"मी मागतोय."

"आरं वर पाच जणांच्या हायत!"

"ज्याची त्यानं उचलावी. मी दुसऱ्याच्या नावाला हात लावणार न्हाई. माझी द्या, मी जातो."

कुणी हसलं नाही. ही थट्टा करण्यासारखी गोष्टच नव्हती. शेठनं आजूबाजूला बघितलं. कुणीतरी आपली बाजू घेईल असं त्याला वाटत असावं. बोलली ती सखूमावशी. कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी मारता मारता म्हणाली, "त्याच्या बाचं नाव हाय शेठ. उद्या तुमच्या नातवानं तुमच्या बाचं मागितलं, तर न्हाई म्हणायचं का?"

शेठ बराच वेळ त्या सोनेरी अक्षरांकडं बघत उभा राहिला. मग आप्पांच्या अगदी जवळ गेला आणि हळू बोलला, पण मी दारात होते, मला ऐकू आलं. "काढ. पर ध्यानात ठेव मिस्त्री. तुझ्या पोराला माझ्या दुकानाचा उंबरा दिसायचा न्हाई." आप्पांनी मान हलवली. त्या दिवसाबद्दल मला सगळ्यात जास्त आठवते ती त्यांची मान. होकारासारखी हलली होती.

लेझीम शाळेच्या मैदानावर झालं. उद्घाटन झालंच नाही. आणि यात्रेचा गुलाल अजून रस्त्यावर असताना चौथरा उकलायचं काम सुरू झालं. ग्रॅनाइट ताजं होतं, सहज निघालं, शेठची माणसं ते गाडीत घालून घेऊन गेली. मग त्याखालच्या थरवाल्यांच्या, मग मोझॅकवाल्यांच्या घरचे आले, मग कोटावाल्यांचे. दूरदेशी असलेल्यांच्या घरच्या बायका आल्या. आप्पा फक्त कडेची फरशी सैल करून द्यायचे. नावाची फरशी ज्याची त्यानं उचलायची. काही बायका नावाची फरशी पदरात धरून लेकरासारखी घरी घेऊन गेल्या. आप्पांना शिव्या देतच गेल्या, पण नेली. आणि एकेक थर निघाला तसा आवाज परत यायला लागला. आधी पहारीच्या घावाला. मग टाकलेल्या फरशीला. शेवटी कडप्पा निघाला तेव्हा आप्पांची चप्पल वाजली तरी खालून घुमत होतं. आई गिरणीच्या दारात येऊन उभी राहिली.

शहाबादी थराच्या मधोमध आजोबांची फरशी होती. आप्पांनी ती एकट्यानं काढली, आणि तिच्याखालचा स्लॅब उघडा पडला. त्यात चीर होती. माझा हात उभा जाईल एवढी. वाकून बघितलं तर खाली पाण्यात आभाळाचा एक तुकडा हलताना दिसत होता. आप्पांनी सगळ्यांना खाली उतरवलं. सखूमावशी उतरेना, "माझी जागा हाय," म्हणून भांडायला लागली, तिला आईनं दंडाला धरून ओढलं. गिरणीचा जुना पट्टा आणि सुतळ्या बांधून आप्पांनी चौथऱ्याला कडं केलं आणि स्वतः पायरीवर राखणीला बसले. लोक जेवायला गेले. उन्हं डोक्यावर होती. मी आप्पांना भाकरी घेऊन निघाले होते आणि उंबऱ्यातच होते, तेव्हा तो गेला. मोठा धमाका वगैरे झाला नाही. आधी एक दीर्घ घरघर, मग मधला भाग वाकला, मग नाहीसा झाला. आवाज नंतर आला, खालून, पाण्याचा. मग धूळ. धुळीतून आप्पा बाहेर आले ते पिठानं माखल्यासारखे, आमच्याच घरातल्या एखाद्या माणसासारखे. बगलेत आजोबांची फरशी. आत गेलं ते एवढंच: सखूमावशीची छत्री आणि तिचा तराजू.

आता गाव त्यांना खांद्यावर घेईल असं मला वाटलं होतं. मी चौदा वर्षांची होते, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल. संध्याकाळपर्यंत गाव एका वाक्यावर आलं: मिस्त्रीनं ठोकून ठोकून पाडला. इतकी वर्षं काही झालं नव्हतं, बैल नाचले, सभा झाल्या, आणि यानं पहार लावली त्याच आठवड्यात पडला, याचा अर्थ काय? आप्पांनी आडाच्या कडेला लोंबणाऱ्या लाल सळ्या दाखवल्या. लोक त्यांच्या बोटाकडं बघायचे, सळ्यांकडं नाही. जे घडलं नाही ते दाखवता येत नाही, हे मी तेव्हा शिकले आणि पुढं दुकानदारीत मला त्याचा उपयोग झाला. शेठ दादाला न घेताच गेला. ट्रंकेत आई गव्हाचं पीठ ठेवायला लागली. आप्पांना आमच्या गावात पुन्हा स्लॅबचं काम मिळालं नाही. भिंती, ओटे, गोठे मिळत गेले. दादानं गिरणी घेतली. तो आप्पांशी बोलायचा, पण चौकाकडं तोंड करून बसायचा नाही.

आडातला राडारोडा काढायला कुणी तयार होईना तेव्हा आप्पा उतरले. मजुरी नको म्हणाले. नवा स्लॅब बाहेरचा ठेकेदार टाकणार होता. आप्पांनी एकच अट घातली: स्लॅबवर पहिली फरशी माझ्या बाची बसंल, मधोमध, मग वर काय करायचं त्ये करा. लोकांना वाटलं, एवढं होऊन माणसाची हौस फिटली नाही. मलाही तसंच वाटलं होतं, आणि मी तसं बोललेही. आप्पा म्हणाले, "नाव राहू दे खाली. कवातरी मागायला लागंल."

ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांची तिरडी विसाव्याला चौथऱ्यावर टेकवली तेव्हा खालून स्वच्छ हुंकार आला होता. मी रडत नव्हते, ऐकत होते.

मी सांगलीत पाईप-फिटिंगचं दुकान चालवते. माहेरी वर्षातून एकदोनदा जाते. चौक आता ओळखू येत नाही. वाढदिवसाचे फ्लेक्स, त्यांच्यावर एकाच चेहऱ्याची पोरं. गणपतीत स्पीकरची भिंत उभी करतात ती चौथऱ्यावरच, आणि पोरं तिच्यापुढं एकदम उड्या मारतात. खाली आड आहे हे त्यांच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नाही. टँकर आता टाकीत रिकामा होतो, त्यामुळे झाकण कुणी उघडत नाही, आणि मागच्या खेपेला बघितलं तर झाकणावरूनच फरशी गेली होती. नवी, चकचकीत, मधोमध नाव. गलाईवाल्यांची पुढची पिढी आली आहे, आणि बाप त्यांनाही आहेत. मला मोजदाद करायची सवय नाही, पण पायऱ्यांवर पाय पडतोच. तीन झाल्यात.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेच्या सकाळी चौक रिकामा होता. मी चौथऱ्यावर चढले, मधोमध गेले आणि टाच आपटली. पुन्हा आपटली, जोरात. पानपट्टीवरचा पोरगा मोबाइलमधून मान वर काढून बघायला लागला. खालून काहीच आलं नाही.

मी उतरले, गिरणीत गेले. दादा पट्टा चढवत होता. त्याला म्हटलं, "आप्पांची पहार कुटं ठेवलीयास?"

त्यानं कशाला असं विचारलं नाही. पट्टा सोडला, हात झटकले आणि माळ्यावर चढला.